सांगोल्याच्या धुळीत नाक मोकळं आणि चिपळुणात चोंदलेलं, हे कसं?

माणदेशी_सून

नमस्कार मंडळी. माझं माहेर सांगोला, सासर चिपळूण. लग्नाआधी सर्दी व्हायची ती सगळ्यांना होते तशी, चार दिवसांत जायची. इथल्या दुसऱ्या पावसाळ्यात नाक चोंदायला लागलं ते आजतागायत. पहाटे जाग आली की शिंकांचा सपाटा सुरू होतो. डोळ्यांतून पाणी, टाळूला खाज. अंथरुणं काढताना तर हमखास. दहा-अकरापर्यंत निवळतं. दुपारी शाळेत (प्राथमिकला शिकवते) बरी असते आणि रात्री पाठ टेकली की पुन्हा तेच. ज्या कुशीवर झोपावं त्या बाजूची नाकपुडी बंद. कूस बदलली की थोड्या वेळानं ती उघडते आणि दुसरी बंद होते. रात्रभर तोंडानं श्वास, सकाळी घसा कोरडाठाक.

एका डॉक्टरांनी धुळीची अ‍ॅलर्जी सांगून गोळ्या दिल्या. गोळीनं शिंका थांबतात, नाक मात्र उघडत नाही. दुसऱ्यांनी एक्स-रे काढला, हाड थोडं वाकडं आहे, ऑपरेशन करून घ्या म्हणाले. रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं) बरंच जास्त आलंय. आता एका लॅबवाल्यानं दोनशे पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासणारं महागडं पॅकेज सुचवलंय. सासूबाईंनी दही, केळी, ताक बंद केलंय, त्यानं काही फरक नाही.

मला कळत नाही ते हे. मे महिन्यात माहेरी जाते तेव्हा वावटळी उठत असतात, गोठ्यात कडबा, भांड्यांवर बोटानं नाव लिहावं इतकी माती. आम्ही अंगणात बाजेवर झोपतो. आणि तिथं माझं नाक दोन-तीन दिवसांत मोकळं! धुळीची अ‍ॅलर्जी असती तर तिथं माझे हाल व्हायला हवे होते ना?

यंदा संक्रांतीला गेले तेव्हा मात्र वेगळंच झालं. शिंका थांबल्या, पण नाक चोंदलेलंच राहिलं. गणपतीपासून मेडिकलमधून आणलेले झायलोमेटाझोलिनचे थेंब रात्री घालते, त्याशिवाय झोप लागत नाही. हल्ली दुपारीही लागतात.

आधी कुठली तपासणी करावी? ऑपरेशनचा निर्णय घ्यायचाय आणि घरात सगळे दोन्ही बाजूंनी बोलतायत. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा, जीव मेटाकुटीला आलाय.

गिरणीवाला_बार्शी

ताई, तुमचं सांगोल्याचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांपासूनची. मला बी असंच, नाक बंद आणि शिंका. हवामान बदललं, पाणी बदललं, सगळी कारणं झाली. दिवाळीत गिरणी बंद ठेवून गाणगापूरला गेलो, तिथनं पुढं पाव्हण्यांकडं. नाक असं मोकळं झालं की चहाचा वास यायला लागला. परत येऊन पहिला गव्हाचा डबा दळला आन् शिंका सुरू.

सोलापूरच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, निम्मं निदान तुम्हीच आणलंय. हातावर सुया टोचून चाचणी केली, गव्हाच्या पिठाचा फोड उठला. पोळी खाल्ली तर मला काही होत नाही, पीठ नाकात गेलं की होतं. रात्री खोकला यायचा म्हणून त्यांनी फुंकायची तपासणी पण केली, तर दम्याची सुरुवात निघाली. ते वेळेत कळलं हे लई बरं झालं. आता गहू पोरगा दळतो, मी बाहेर वजनाला बसतो आणि आत जायचं तर एन-९५ लावून.

तुमचं गाव बदललं की शिंका थांबतात, हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. रिपोर्टांची पिशवी नंतर उघडा.

शेखर_६८

माझं हाड खरोखरच वाकडं होतं. उजवी नाकपुडी लहानपणापासून बंद, रात्रंदिवस, बारा महिने. सेप्टोप्लास्टीनंतर (वाकडं हाड सरळ करायचं ऑपरेशन) ती बाजू उघडली आणि झोप सुधारली, त्याबद्दल मी समाधानी आहे. पण शिंका आणि नाक गळणं तसंच राहिलं, त्यासाठी स्प्रे अजून चालूच आहे. तेव्हा ऑपरेशननं अ‍ॅलर्जी जाईल अशी आशा धरू नका.

ओपीडीतली_सिस्टर

ताई, मी कान-नाक-घसा विभागात परिचारिका आहे. अ‍ॅलर्जीची त्वचा चाचणी करणं हे माझं रोजचं काम. औषध डॉक्टरच ठरवतील, पण तुमच्या लिहिण्यात इतक्या खुणा आहेत की त्या मांडून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सांगोल्याची धूळ म्हणजे माती. ती नाकाला चुरचुरेल, पण तिची अ‍ॅलर्जी सहसा होत नाही. घरातल्या धुळीत जे त्रास देतं ते म्हणजे डस्ट माइट, जेमतेम ०.३ मिलिमीटरचा कोळ्याच्या जातीतला किडा. चावत नाही, डोळ्यांना दिसत नाही. आपल्या त्वचेचा कोंडा खातो आणि गादी, उशी, गोधडीत राहतो. खरा त्रास त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. त्याला पाणी प्यायला तोंड लागत नाही, हवेतली ओल तो अंगातूनच शोषतो. म्हणून हवा कोरडी, म्हणजे आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, की तो सुकून मरतो. चिपळुणात पावसाळ्यात वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतो, तिथं त्याचं राज्य. सांगोल्यात मे महिन्यात, तेही अंगणात बाजेवर, तो तुमच्या वाट्याला येणार कुठून?

आता वेळ बघा. पहाटे, अंथरूण काढताना, रात्री पाठ टेकल्यावर. दुपारी शाळेत बरं. म्हणजे त्रास अंथरुणाच्या आसपास आहे. गाजरगवताच्या किंवा इतर परागकणांचा असता तर बाहेर पडल्यावर वाढला असता आणि त्याचा हंगाम दिसला असता. बुरशीचा संशय मात्र चिपळूण म्हटल्यावर ठेवायलाच हवा. कपाटामागच्या भिंतीला काळे ठिपके आहेत का, पोटमाळ्यावर जुनी पुस्तकं, गाद्या आहेत का, बघून ठेवा. उदबत्ती, फोडणी, अत्तर, गारवा यांनी नुसतं नाक वाहत असेल आणि खाज अजिबात नसेल तर ते बहुधा अ‍ॅलर्जीचं नसतं. तुम्हाला टाळूला आणि डोळ्यांना खाज आहे, म्हणजे पारडं अ‍ॅलर्जीकडे झुकतं.

संक्रांतीची गोष्ट मी दोनदा वाचली. शिंका थांबल्या, नाक बंदच. उन्हाळ्यात तसं नव्हतं. मधे काय बदललं? थेंब आले. हे थेंब रक्तवाहिन्या आवळून नाक उघडतात. पाच-सहा दिवसांच्या वर घातले की असर उतरताच आतली सूज आधीपेक्षा जास्त चढते, मग पुन्हा थेंब. आमच्याकडे रोज एक तरी माणूस बाटली खिशात घेऊन येतो. माझ्या मते तुम्हाला आता दोन कारणं आहेत, एक गादीतलं आणि एक बाटलीतलं. दुसऱ्याकडे लक्ष दिलं नाही तर पहिल्यावरचा उपाय लागू पडतोय की नाही हेच कळणार नाही.

थेंब एका दिवसात टाकून देणं जड जातं. बरेच डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे (फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन) चालू करून आधी एका नाकपुडीत थेंब बंद करायला सांगतात. ती मोकळी राहायला लागली की दुसरीत बंद. पहिला आठवडा वाईट जातो, तयारी ठेवा. स्प्रेचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. "दोन दिवस मारला, काही झालं नाही" म्हणून सोडणारे खूप. मारण्याची पद्धतही बघून घ्या: मान थोडी खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, कानाच्या दिशेनं. मारल्यावर जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात जातं. पडद्यावर सारखा फवारा बसला की रक्त येतं, आणि मग लोक औषधाला दोष देतात.

हाडाबद्दल. हाड म्हणजे नाकाचा मधला पडदा. तो सरळ असलेली माणसं शोधायला गेलं तर फार थोडी निघतील, आणि वाकडा असलेल्या कितीतरी जणांना काही त्रास नसतो. शेखरदादांचं दुखणं एकाच बाजूला, कायम, हे हाडाचं लक्षण. तुमच्या बाजू कुशीप्रमाणे बदलतात, ते सुजेचं लक्षण. ऑपरेशन कधीच नको असं मी म्हणत नाही. आधी सूज उतरू द्या, दुर्बिणीतून नाक तपासून घ्या, मग हाड किती आड येतंय ते दिसेल. साध्या एक्स-रेवरून ठरवू नका.

दोनशे पदार्थांचं पॅकेज घेऊ नका, कळकळीनं सांगते. त्यात बहुतेक वेळा आयजीजी, म्हणजे वेगळ्याच प्रकारची प्रतिपिंडं, मोजतात. ते तुम्ही काय खाता एवढंच सांगतं, अ‍ॅलर्जी सांगत नाही. ते बघून दूध-गहू सोडलेली बाळंतीण मी पाहिलीय, वाईट वाटतं. एकूण आयजीई जंतांनीही वाढतं, त्यावरूनही कारण कळत नाही. उपयोग होतो तो त्वचा चाचणीचा किंवा नेमक्या घटकाविरुद्धचं आयजीई रक्तात मोजण्याचा.

चाचणी अशी असते. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करते, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब, त्यातून बारीक टोचणी. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीत अंगात सुटणारं रसायन), तो उठायलाच हवा. एक सलाइनचा, तो उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी फोड मोजते. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर होकारार्थी. त्या आधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद लागतात, नाहीतर हिस्टामिनचाच फोड येत नाही आणि हेलपाटा होतो. सर्दी-खोकल्याच्या तयार औषधांतही त्या असतात, ते विचारून घ्या. नाकातला स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. दमा जोरात असेल, बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाची किंवा हृदयाची) गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधीच सांगायचं. आणि नुसता फोड उठला म्हणजे निदान झालं नाही. तो तुमच्या हकिकतीशी जुळला पाहिजे.

शेवटी वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: एकाच बाजूचं नाक बंद आणि त्यातून रक्त किंवा दुर्गंधी, वास पूर्ण गेलेला, डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं, यात अ‍ॅलर्जी समजून थांबू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आत मणी किंवा शेंगदाणा असू शकतो, लगेच दाखवा.

माणदेशी_सून

सिस्टर, किती मनापासून लिहिलंत. दोन कारणं असतील हे कुणीच सुचवलं नव्हतं. कपाट सरकवून बघितलं, भिंतीला ओल आहे पण काळं काही नाही. गाद्या कापसाच्या, दिवाणात रचलेल्या, सासऱ्यांच्या काळातल्या. वर सासूबाईंनी जुन्या नऊवारींची शिवलेली गोधडी. ती टाकायला सांगितली तर त्यांना फार लागेल, मलाही.

ओपीडीतली_सिस्टर

गोधडी अजिबात टाकू नका. ती धुता येते, गादी धुता येत नाही, हाच फरक. गोधडी, चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या कढत. गादीला आणि उशीला दाट विणीची, चेन असलेली पूर्ण खोळ घाला. सतरंजीसारखी नाही, सहा बाजूंनी बंद. दिवाणातल्या जादा गाद्या झोपायच्या खोलीतून हलवा. ऊन असेल त्या दिवसांत गाद्या बाहेर तापवा, पण झटकायला तुम्ही जाऊ नका. खोलीत पंख्याखाली कपडे वाळत घालणं बंद करा, ती सगळी ओल गादीत जाते. यातलं एकच काही करून फारसा फरक पडत नाही, सगळं एकत्र करावं लागतं आणि स्प्रेही चालू ठेवावा लागतो.

मिठाच्या पाण्यानं नाक धुतलंत तर स्प्रे आत नीट पोचेल. पाव लिटर पाण्याला अर्धा छोटा चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं किंवा विहिरीचं थेट कधीही नको.

माणदेशी_सून

कळवते म्हणाले होते म्हणून लिहितेय. रत्नागिरीला चाचणी झाली. माइटच्या दोन्ही थेंबांचे फोड हिस्टामिनच्या बरोबरीनं उठले, झुरळाचा बारीक, बुरशी आणि परागकण काहीच नाही. दुर्बिणीत पॉलिप (नाकातले मऊ कोंब) नाहीत, आतली सूज बरीच, हाड जरासं वाकडं. ऑपरेशन सध्या नको असं तेच म्हणाले. उजव्या नाकपुडीतले थेंब पूर्ण सुटले, डावी अजून रात्री कुरकुरते. त्यांनी इम्युनोथेरपीचं विचारलंय. करावी का? आणि आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतोय.

ओपीडीतली_सिस्टर

वा, छान बातमी! इम्युनोथेरपीत माइटचाच अर्क वाढत्या मात्रेत इंजेक्शननं किंवा जिभेखाली देतात. निदान तीन वर्षं सातत्यानं घ्यावी लागते, साधारण तीन ते पाच. ज्यांना कारण नेमकं सापडलंय आणि स्प्रे-गोळ्यांनी पुरेसं भागत नाही त्यांना तिचा चांगला उपयोग होतो. तुमचे थेंब अजून सुटायचेत, खोळी नुकत्याच आल्यात. दोन-तीन महिने स्प्रेवर काय होतं ते बघा, मग ठरवा. इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर दवाखान्यातच, आणि नंतर अर्धा तास तिथं बसायचं, क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येते म्हणून.

मुलाचा विचार आहे हे डॉक्टरांना आत्ताच सांगा. दिवस गेल्यावर हा उपचार नव्यानं सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल आणि नीट सोसत असेल तर बहुधा तीच मात्रा पुढे चालू ठेवतात. म्हणजे क्रम कसा लावायचा हे तुम्हा दोघांना त्यांच्यासमोर बसूनच ठरवावं लागेल. पुढच्या भेटीला मिस्टरांना सोबत न्या.