मदत हवी आहे: मन ताब्यात घेणाऱ्या मॉन्स्टरची काठिण्यपातळी कशी धरायची?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. पाचव्या लेव्हलची चार पात्रं: फायटर (योद्धा), रोग (Rogue, चोरटा), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार). समोर एकच सक्युबस (मोहात पाडणारी राक्षसी), चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड ते सांगणारा आकडा) ४, म्हणजे १,१०० एक्सपी (लढाईची काठिण्यपातळी ज्यावरून मोजतात ते गुण). या पार्टीची 'सोपी' मर्यादा १,००० आणि 'मध्यम' २,०००, त्यामुळे कागदावर लढाई जेमतेम सोपी.

पण तिच्या चार्मचा (मन ताब्यात घेणाऱ्या मोहिनीचा) डीसी, म्हणजे त्यातून वाचायला गाठायचा आकडा, १५ आहे आणि फायटरचा विज्डम सेव्ह (वाचण्यासाठी टाकलेल्या फाशात मिळवायचा आकडा) +१. त्याला वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ६५ टक्के वेळा तो तिच्या बाजूला जाणार. मग सामना तीन विरुद्ध दोन, आणि त्या दोघांत सर्वांत जास्त डॅमेज देणारा आपलाच माणूस!

फायटरला रेटिंग ३ चा (७०० एक्सपी) मॉन्स्टर धरून पाहिलं: दोघांचे मिळून १,८००, समोर दोघं असल्यामुळे गुणिले १.५, म्हणजे २,७००. तिघांची 'कठीण' मर्यादा २,२५०. म्हणजे लढाई थेट 'कठीण'. पण सेव्ह जमला तर हा सगळा हिशोब खोटा, कारण त्याला २४ तास तिचा चार्म लागत नाही. दोन्ही आकड्यांची सरासरीही काढली, पण तशी लढाई प्रत्यक्षात कधी होतच नाही.

फायटरला इजा झाली की पुन्हा सेव्ह मिळतो, हे माहीत आहे. क्लेरिककडे चार्मपासून वाचवणारा 'प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड' हा मंत्र आहे, पण सक्युबस रूप बदलून येणार, त्यामुळे तो आधी टाकला जाईल असं धरू नका. मॉन्स्टर बदलायचा नाही, डीसीही नाही.

तर एक्सपी बजेट ठरवताना तुम्ही सर्वांत वाईट शक्यता धरता, की सेव्ह हुकण्याच्या टक्केवारीनुसार फायटरचे एक्सपी कमी करून मिळवता?