पाड्याच्या पाणी समितीने ग्रामपंचायतीची निवडणूक लढवावी का?

शहापूरकर (मुक्काम कळवा)

आमचा पाडा शहापूर तालुक्यात आहे. नोकरीमुळे मी कळव्याला राहतो. शनिवारी दुपारी कसारा लोकलने आसनगावला उतरतो, पुढे जीपने घर गाठतो आणि रविवारी रात्री परततो. गावच्या राजकारणात माझा वाटा आठवड्यातील दीड दिवसाचाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या तालुक्यातील भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील पाडे मार्च उजाडला की टँकरची वाट पाहतात, हे येथे कोणाला नव्याने सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवला, तेव्हा बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात हातभर खड्डा करून, झिरपलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत होत्या. त्याच उन्हाळ्यात आम्ही अकरा जणांची पाणी समिती केली. त्यांत सहा बायका आहेत. रिकामे हंडे घेऊन आम्ही पंचायत समितीच्या दारात बसलो, तीन निवेदने दिली आणि चौथ्या खेपेला टँकर सुरू झाला. गेल्या वर्षी विहिरीतील गाळ काढून घेतला. समितीला अध्यक्ष नाही आणि बँकेत खाते नाही. समितीच्या कामाच्या नोंदींची एक वही आहे, ती माझ्या चुलतीच्या घरी पत्र्याच्या पेटीत असते. चुलतीला वाचता येत नाही, म्हणूनच वही तिच्याकडे सुरक्षित आहे, असे आमचे लोक गमतीने म्हणतात.

आता ग्रामपंचायतीची निवडणूक या हिवाळ्यात होईल अशी बोलणी सुरू आहेत. ग्रामपंचायत एक मोठे गाव आणि सहा पाडे मिळून आहे. मोठ्या गावातील एका पॅनेलने आमच्या प्रभागातील दोन जागा समितीला देऊ केल्या असून, समितीने पॅनेलचा प्रचार करावा एवढीच अट घातली आहे. तरुण मुलांचे म्हणणे असे की, हंडे वाजवून टँकर येतो, नळ येत नाही. सही करणारा माणूसच आपला हवा. समितीतील बायकांचे म्हणणे असे की, खुर्ची आली की वही जाईल. ग्रामसभेतून काही साधेल म्हणावे, तर ती नेहमी मोठ्या गावात भरते आणि त्या दिवशी आमची निम्मी माणसे वीटभट्टीवर असतात. अशा वेळी निवडणूक लढवावी की समिती समितीच ठेवावी, याविषयी अनुभवी माणसांचे मत हवे आहे.

मुरबाडची कार्यकर्ती

तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही शेवटी एका वाक्यात उरकली आहे. ग्रामसभेच्या दिवशी तुमचा पाडा रिकामा असतो, हीच खरी अडचण आहे. निवडणूक लढवल्याने ती सुटणार नाही आणि न लढवल्यानेही सुटणार नाही.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा नियम आहे आणि त्या बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ठेवल्या जातात. आपल्याकडील कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भात झोडून झाले की दिवाळीनंतर शेठचा बयाणा घेऊन भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, परततात. म्हणजे चारांपैकी दोन सभा त्यांच्यावाचून होतात. त्यांतही गावाच्या विकास आराखड्याचे काम २ ऑक्टोबरपासून सुरू होऊन हिवाळ्यात पक्के होते, म्हणजे पैसा कोणत्या कामाला लागणार हे ठरते तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुलपे असतात. यात कोणाचे कारस्थान असेलच असे नाही, पण फायदा कोणाचा होतो हे दिसतेच.

आमच्या भागात आम्ही सभांचे वेळापत्रक बदलू शकलो नाही, तेव्हा कामाचे वेळापत्रक बदलले. गणपती गेल्यापासून भात कापणीला येईपर्यंतचे जे चार-पाच आठवडे मिळतात, त्यांत पाड्यापाड्यावर रात्री बैठका घेतल्या, मागण्यांची यादी केली, सह्या आणि अंगठे घेतले आणि ती यादी २ ऑक्टोबरच्या सभेत इतिवृत्तात चढवूनच घरी गेलो. भट्टीवर गेलेल्यांना जानेवारीत जाऊन भेटलो. तेथे भेटायचे तर आठवड्याची खर्ची मिळते त्या दिवशी जावे, कारण त्या दिवशी सगळी माणसे एका जागी असतात आणि शेठचा माणूस हिशेबात गुंतलेला असतो.

दुसरे असे की, शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो. मुरबाड आणि भिवंडीचा काही भागच येतो. अशा आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनुसार पाड्याला स्वतःचे गाव म्हणून मान्यता मागता येते. त्यासाठी पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. मान्यता मिळाली की पाड्याची ग्रामसभा वेगळी होते, ती पाड्यावरच भरते आणि तिची तारीख माणसे घरी असताना ठेवता येते. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी (अमुकच कामाला लावावा असे बंधन नसलेला) पेसा ग्रामपंचायतींना मिळतो, त्यातील तुमच्या पाड्याचा वाटा कोठे खर्च होतो, हेही मग तुम्हाला हक्काने विचारता येईल. प्रक्रिया रेंगाळते आणि कागद मधल्या टेबलावर पडून राहतात, तेव्हा एका हंगामात होईल अशी आशा धरू नये.

तुमच्या समितीत सहा बायका आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते. ती खरोखर घ्यायला लावा. पाण्याचा विषय तेथून ठरावाच्या रूपाने आला की ग्रामसभेला तो टाळणे जड जाते.

निवृत्त ग्रामविकास अधिकारी, ठाणे

मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे, त्यामुळे त्या बाजूचे थोडे सांगतो.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, सर्वसाधारणपणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. माणसे जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पुढच्या तारखेला पंधरा-वीस माणसांत सगळे विषय मंजूर होतात. हे मी स्वतः अनेकदा केले आहे आणि त्यात बेकायदा काही नव्हते. मात्र तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, ही बाजू लोकांच्या ध्यानात नसते. तुमचा विषय मूळ सूचनेत छापलेला असेल तर तो तहकूब सभेतही उभा राहतो. सूचना सभेच्या सात दिवस आधी निघते, म्हणून तुमचे पत्र त्याच्याही आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत पोहोचले पाहिजे आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलाच पाहिजे. नुसते ‘पोहोचले’ असे लिहून दिलेली सही मी पोच मानत नसे. तुम्हीही मानू नका.

सभेच्या दिवशी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. हजेरीच्या रजिस्टरात शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून घ्या. पान अर्धे कोरे राहिले तर नंतर तेथे कोणाच्याही सह्या येऊ शकतात. आणि ठराव तेथल्या तेथे, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह, मोठ्याने वाचून घ्या. घरी जाऊन लिहिलेल्या इतिवृत्तात ‘नळयोजना तातडीने सुरू करावी’ याचे ‘नळयोजनेबाबत चर्चा झाली’ असे सहज होते.

नळ येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा घरोघरी नळाने पाणी देण्याची जलजीवन योजना तुमच्याकडे कोठवर आली आहे ते पाहा. तोट्या बसल्या असून त्या कोरड्या असतील तर ‘हर घर जल’ गाव म्हणून प्रमाणित करण्याचा विषय ग्रामसभेपुढे कधी येतो यावर डोळा ठेवा. हे प्रमाणपत्र ग्रामसभेच्या ठरावावाचून पूर्ण होत नाही. माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हे त्या योजनेचे मोजमाप आहे. ते मिळत नसेल तर तसे ठरावात लिहवून घ्या. ठेकेदार, अभियंता आणि सरपंच या तिघांनाही त्या दिवशी तुमची गरज असते.

जुने इतिवृत्त पाहायचे असेल तर तालुका कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीने अर्ज केला तर शुल्क लागत नाही.

भिवंडी ग्रामीण

मी लढलो आहे आणि हरलोही आहे, म्हणून लिहितो. आमच्या गटाने तीन उमेदवार उभे केले होते. एकाचा अर्ज छाननीतच बाद झाला, कारण जात वैधतेसाठी केलेल्या अर्जाची पोच त्याने जोडली नव्हती. तुम्ही लढणार असाल तर ही कागदे आजच तपासा. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनहून अधिक होते का, हेही पाहा. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखला लागतो. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो हरलेल्यालाही चुकत नाही.

मतदान हिवाळ्यात असेल तर तुमचे मतदार भट्टीवर असणार. त्यांना आणण्यासाठी आदल्या रात्री टेम्पो पाठवणारा वेगळा, डिझेल भरणारा वेगळा आणि रात्रीचे जेवण घालणारा वेगळा असतो, आणि सकाळी मत कोणाला द्यायचे ते या तिघांनी मिळून आधीच ठरवलेले असते. आमच्याकडे टेम्पो नव्हता.

आमची एक बहीण मात्र निवडून आली. नऊ जणांत ती एकटी होती. मासिक सभेत ती बोलली की तिचे म्हणणे सगळे ऐकून घेत आणि मग आठ विरुद्ध एक असा ठराव होत असे. वर्षभराने तिने सभेला जाणे सोडले. दोष तिचा नव्हता. ती निवडून आल्यावर आम्ही बाकीचे सुटल्यासारखे वागलो. आता आपला माणूस आत आहे, तर आपण कशाला जायचे, असे म्हणून आमची मंगळवारची बैठकच बंद पडली. तुमच्या बायका ज्याला ‘वही जाईल’ म्हणतात, ते असे घडते. सरपंच थेट जनतेतून निवडला जात असताना दोन सदस्यांच्या जोरावर फार काही हलेल, असे मला वाटत नाही.

उलवे, नवी मुंबई

वरच्या मंडळींशी बहुतांशी सहमत असलो तरी निवडणूक म्हणजे विटाळ, असा सूर लागू नये एवढ्यासाठी लिहितो. आमच्या भागात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झाले, पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व आले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार होते. रस्त्यावरचा माणूस आणि सभागृहातला माणूस एकच असू शकतो, पण त्याच्यामागे गावोगावची माणसे उभी असावी लागतात.

माझा आक्षेप पॅनेलने देऊ केलेल्या दोन जागांना आहे. दुसऱ्याच्या पॅनेलवरून निवडून आलात की टँकर का आला नाही, हे सरपंचाला विचारायला तुमचीच जीभ जड होईल. लढायचेच तर स्वतःच्या नावावर लढा. तेवढे बळ यंदा नसेल तर पुढच्या खेपेला लढा.

शहापूरकर (मुक्काम कळवा)

सर्वांचे आभार. या रविवारी समितीची बैठक झाली आणि वरचे सगळे प्रतिसाद मी वाचून दाखवले. टेम्पोचा परिच्छेद ऐकून कोणी हसले नाही, कारण मागच्या निवडणुकीत आमच्याकडेही तसाच टेम्पो आला होता.

दोन जागांना नकार कळवायचा ठरले. एका तरुणाला स्वतंत्र उभे राहायचे आहे. त्याला कोणी अडवणार नाही, पण समितीचे नाव आणि वही त्याने प्रचारात वापरू नये, असे बायकांनी त्याच्या तोंडावर सांगितले. तो रागावला आहे आणि पुढच्या बैठकीला येईल की नाही, सांगता येत नाही. पाण्याचा विषय २ ऑक्टोबरच्या सभेच्या सूचनेत यावा म्हणून पत्र तयार केले असून त्यावर पाड्यातील ६८ जणांच्या सह्या आणि अंगठे आहेत. वेगळ्या गावाच्या ठरावासाठी मतदारयादी मिळवली. यादीत चार मृत माणसे आणि लग्न होऊन गेलेल्या सात मुली निघाल्या, तेव्हा निम्मे मतदार म्हणजे नेमके किती, याचाच हिशेब आधी करावा लागणार आहे.

एक शंका उरते. पत्र घेऊन गेलेल्या दोघींना ‘साहेब आले की देतो’ म्हणून पोच न देताच परत पाठवले. आता काय करावे?

निवृत्त ग्रामविकास अधिकारी, ठाणे

तेच पत्र उद्याच स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. तेथे आवक विभाग असतो, शिक्का मिळतो. दोघी कोणत्या दिवशी, किती वाजता गेल्या आणि काय उत्तर मिळाले, हे वहीत लिहून त्यांचे अंगठे घ्या. पोस्टाची पावती त्याच पानावर चिकटवा. डिंकाने चिकटवा, टाचणी लावू नका. आपल्याकडच्या पावसात टाचणी गंजते आणि नेमका तारखेवरचा कागद खाते.