मदत हवी आहे: कांदा चाळीला जागा आडवी आहे, चालेल का?

राम राम मंडळी. आम्ही सिन्नर तालुक्यातले. वीस गुंठे उन्हाळ कांदा आहे. भाव पडलेला असताना काढल्या काढल्या लासलगावला नेण्यात अर्थ नाही, म्हणून यंदा पावसाआधी घराजवळच कांदा साठवायला छोटी एकपाखी (एकाच रांगेची) चाळ बांधायची आहे.

एकपाखी चाळ दक्षिणोत्तर हवी, म्हणजे पश्चिमेचा वारा आरपार जातो, हे ठाऊक आहे. पण विहिरीकडची मोकळी पट्टी नेमकी पूर्व-पश्चिम, आणि शेजारी गाईंचा गोठा. तिकडून ओल येणार, असं सासूबाई आत्तापासून बजावतायत. (त्यांचं सहसा खरंच निघतं.)

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलणार, रुंदी चार फूट, थर पाच फुटांच्या वर नाही. इंचभर मान ठेवून पात कापलेला, सावलीत सुकवलेलाच माल भरणार. गेल्या श्रावणात पडवीतल्या ढिगाला मधून कोंब फुटले होते, आणि वरच्या कांद्याला बोट लावलं की काजळी हाताला.

अशा जागेत कुणी चाळ बांधली आहे का? तळाला बांबू बरा की लोखंडी जाळी? झडीच्या पावसात बाजूंना काय लावता, म्हणजे वाराही कोंडत नाही? फोटो असतील तर टाका, दादा-ताईंनो.