तालुक्याचं छोटं कला महाविद्यालय: चालू ठेवायचं की जिल्ह्यात मिसळायचं?

मुक्काम आर्णी:
लहान कॉलेजं जिल्ह्याच्या मोठ्या कॉलेजात विलीन करा, असा सूर हल्ली वाढलाय. माझा ठाम विरोध आहे. आपल्या यवतमाळकडचं खाजगी अनुदानित कला महाविद्यालय म्हणजे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, गृहअर्थशास्त्र, अमरावती विद्यापीठाची संलग्नता आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली. अहिल्याबाई होळकर योजनेतला त्यांचा मोफत एसटी पास बारावीला संपतो. तालुक्यालाच कॉलेज असलं तर दुपारी सुटून उजेडी घर गाठता येतं. जिल्ह्याला गेलं की सगळी भिस्त शेवटच्या गाडीवर. ती दोनदा रद्द झाली की घरचे शिक्षणच थांबवतात.

दुसरं म्हणजे शिष्यवृत्ती. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज ठरावीक जागीच अडतो: आधारला जोडलेलं खातं व्यवहाराविना बंद पडलेलं, उत्पन्नाचा दाखला जुना, आधार आणि गुणपत्रिकेवर नाव वेगवेगळं, ओटीपीचा नंबर रिचार्जअभावी बंद. अर्ज त्रुटीसाठी परत आलाय हे पोराला कळेपर्यंत मुदत संपते. लहान कॉलेजातला बाबू त्याच्या गावात निरोप धाडतो. मोठ्या कॉलेजात फलकावर यादी लागते, बस्स.

जिल्ह्याचा मास्तर:
सोयी मान्य, पण शिकवणार कोण? २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. नुसत्या कला महाविद्यालयात वाणिज्य-विज्ञानाचा माणूसच नसतो. मग इतिहासाच्या सरांवर संगणकाचा पेपर येतो आणि पोरं गाईड पाठ करतात.

त्यात निवृत्तांच्या जागा रिकाम्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाचं मानधन कित्येक महिने थकतं, दुसरीकडे काम मिळालं की तो सत्राच्या मध्येच जातो. विषयाला कायम शिक्षक नाही म्हणून पोरं तो विषय घेत नाहीत, पोरं नाहीत म्हणून आठवड्याचा १६ तासांचा कार्यभार भरत नाही, आणि कार्यभार नाही म्हणून पद मंजूर होत नाही. हे चक्र लहान कॉलेजला एकट्यानं तोडता येत नाही.

कापूसपट्टा:
दोघंबी हंगाम इसरले. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कापसाची वेचणी दिवाळीपासून पार जानेवारीलोक. हिवाळी परीक्षा नेमकी मंधात येते. पोट्टे वावरात, वर्ग रिकामा अन् ७५ टक्के हजेरी कागदावर. जुलै-ऑगस्टात रोजचे दोन तास वाढवून घ्या, ऑक्टोबरात सकाळी साडेसात ते साडेदहाच वर्ग ठेवा. पण पहिली एसटी नऊले पोचत असन तं हेबी फसते. आधी आगारात अर्ज द्या, गाडीची वेळ पक्की करा, वेळापत्रक मंग लावा.

मुक्काम आर्णी:
हंगामाचं पटलं. मास्तर, बाहेरच्या विद्याशाखेच्या विषयाला ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. यूजीसीच्या नियमानं सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) तिथून घेता येतात. आणि सहाव्या सत्रातलं कार्यप्रशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं? ४ श्रेयांक म्हणजे १२० तास. बाजार समिती, पतसंस्था, ग्रामपंचायत, जिनिंगचं कार्यालय, सगळं तालुक्यालाच आहे. ग्रामपंचायतीत घरपट्टी आकारणीचा नमुना ८ चा उतारा आणि करमागणीची नोंदवही स्वतः हाताळलेली पोरगी पंचायत राज नुसत्या पुस्तकातून शिकलेलीपेक्षा पुढे असते. जिल्ह्याच्या कॉलेजात इतक्या पोरांना एवढ्या जागा कोण देणार?

जिल्ह्याचा मास्तर:
‘स्वयम’ची अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, शुल्क वेगळं. आधी नेमून दिलेले स्वाध्याय वेळेत जमा झाले नाहीत तर प्रमाणपत्र हुकतं. रेंज नसलेल्या गावात ते कसे जमा करायचे? कार्यप्रशिक्षणाचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते तालुक्यातच चांगलं होईल. तरी माझं म्हणणं तेच: किमान प्रत्येक मुख्य विषयाला एक कायम प्राध्यापक. तेवढं नसेल तर त्या विषयाचे प्रवेश थांबवावेत, पोरांची तीन वर्षं घेऊ नयेत.

कापूसपट्टा:
प्रवेश थांबवाल तं पोट्टी राहीन कुठं, हे आधी सांगा मास्तर. सरकारी वसतिगृहात गुणवत्ता यादीनं नंबर लागते, अन् यादी बऱ्याचदा कॉलेज सुरू झाल्यावर लागते. वसतिगृह न भेटलेल्याइले राहाखायाचे पैसे देणारी स्वाधार योजना अनुसूचित जाती अन् नवबौद्धाइलेच. जिले कोणतीच योजना लागू नाही, त्या पोरीनं तोवर खोलीभाडं कुठून भरायचं?