मदत हवी आहे : बहमनी दरबारातलं सल्लागार मंडळ

नमस्कार मंडळी. बहमनी राज्याच्या शेवटच्या पर्वावर एक लेख लिहितोय आणि एका गोष्टीवर अडलोय.

१४६१ मध्ये हुमायूनशहा वारला, गादीवर त्याचा आठ वर्षांचा मुलगा निजामशहा बसला (तो १४६३ मध्ये वारला, मग त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मदशहा, तोही अज्ञानच). या मुलांची आई मखदूमा-ए-जहाँ, ख्वाजा-ए-जहाँ तुर्क आणि महमूद गवान अशा तिघांनी कारभार चालवला. बाईंचा शब्द चालत होता, हे मला फार रोचक वाटतं. १४६६ मध्ये ख्वाजा-ए-जहाँला दरबारातच ठार केलं गेलं आणि पुढे सगळी सूत्रं गवानकडे आली.

गवानने चार तरफांचे (म्हणजे प्रांतांचे) आठ केले (दौलताबादेतून जुन्नर वेगळं काढलं), आणि तरफदाराच्या (प्रांताच्या सुभेदाराच्या) हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात घेतले. म्हणजे सरदार चिडणारच! मग त्यांनी कोऱ्या कागदावर गवानचा शिक्का मिळवून ओडिशाच्या गजपती राजाला त्याच्या नावाने लिहिलेलं बनावट पत्र, आणि १४८१ मध्ये तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हुकुमाने वयाच्या सत्तरीत गवानचा शिरच्छेद.

माझा प्रश्न असा : इतक्या मोठ्या वजिरावर आरोप आल्यावर सुलतानाने आणखी कुणाचा सल्ला घ्यायची काही रीत होती का? की १४६१ ची व्यवस्था फक्त राजा अज्ञान होता म्हणून, आणि राजा सज्ञान झाल्यावर सगळं त्याच्या मर्जीवर? दख्खनी-आफाकी (स्थानिक आणि परदेशातून आलेले सरदार) भांडण ठाऊक आहे, ते कृपया परत सांगू नका. मला कामकाजाची पद्धत हवी आहे. फारसी वाचणारं कुणी असेल तर फारच बरं. मराठीत काही वाचनीय असेल तर तेही सुचवा.