पिंप, पिपा आणि टन : हे शब्द आले कुठून?

आमच्याकडे (यवतमाळ साइड) १५ किलो तेलाच्या टिनाले पिपा म्हणतात अन् फवारणीच्या निळ्या २०० लिटरच्या ड्रमले कोणी पिंप म्हणते, कोणी टिपाड. पिपा आणि पिंप एकच शब्द आहे का? दुसरं म्हणजे मी एक लेख मराठीत करतेय, जहाजातून बाटल्यांऐवजी टाकीच्या टाकी वाईन पाठवतात त्यावर. त्याला ठोक वाईन म्हणू की सुटी वाईन? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :

ताई, शब्द एकच आहे आणि तो तुमच्या लेखातलाच आहे. पोर्तुगीजमध्ये पिपा म्हणजे वाईनचं लाकडी पिंप, साधारण ५०० लिटरचं. गोव्याकडे येणाऱ्या जहाजांवर खलाशांची वाईन अन् प्यायचं पाणी पिपांतच भरलेलं असायचं, पगार, साबण, बटाटा, घमेलं ज्या वाटेने आलं त्याच वाटेने हेही आलं. हिंदीत पीपा आहेच, आपल्याकडे हिंदी उठताबसता कानावर असते म्हणून माझ्या मते टिनाले पिपा म्हणणं तिकडून रुळलं, ड्रमचं पिंप मात्र मराठीतलं.

आता टन पहा. मी वरुडकडचा, संत्रावाला. परवा बगीच्यात व्यापारी आला, पिंप उलटं करून त्यावर बसला अन् म्हणाला, "टनाले काय घेता भाऊ?" हा टनही मुळात पिंपच आहे! इंग्लंडमध्ये वाईनच्या सगळ्यात मोठ्या पिंपाला टन म्हणत, २५२ गॅलनचं, म्हणजे जवळपास ९५४ लिटर, आणि पाइप म्हणून जे माप होतं (हा पाइप अन् आपला पिपा नात्यातलेच) ते बरोबर त्याच्या अर्धं. दोन पाइप म्हणजे एक टन. ११५२ मध्ये फ्रान्समधल्या आक्विटेनच्या एलिनॉरचं लग्न हेन्रीशी झालं, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्डो बंदराची वाईन इंग्लंडला जहाजं भरभरून जायला लागली, १३०८-०९ या एका वर्षात तर तिकडून सगळीकडे मिळून लाखभर टन पिंपांएवढी वाईन बाहेर गेली! मग जहाज केवढं हे सांगायचं तर किती टन मावतात तेच सांगायचे, कर पण टनामागे. भरलेल्या टनाचं वजन हजार किलोच्या आसपास भरायचं म्हणून पुढे तो वजनाचा शब्द झाला.

अन् तेव्हाच बाजूले आमचा गडी बोर्डो (बुरशीवर फवारायचं औषध) कालवत होता, एका पिंपात मोरचूद (कॉपर सल्फेट) भिजवलेलं, दुसऱ्यात चुना, १०० लिटरले किलो-किलो. विळा बुडवून वर काढला, तांबडा थर चढला होता, म्हणजे चुना कमी, मग अजून चुन्याचं पाणी टाकलं. हे बोर्डो त्याच बोर्डोचं. तिथे रस्त्याकडेच्या वेलींवर येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं तोडू नये म्हणून मोरचूद-चुना मारायचे, मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा रोग नाही, आणि १८८५ मध्ये त्यांनी ते छापलं. मले त्या दिवशी खरंच भरून आलं, माझ्या धुऱ्यावर उभं राहून टन, पिंप, बोर्डो तिन्ही शब्द एकाच सौद्यात ऐकले, तिन्ही वाईनचे.

प्रतिसाद :

भाऊ मस्त माहिती. पण पिंपांच्या आधी काय होतं? अन् जहाजाचा टन आज वजनाचाच ना?

प्रतिसाद :

आधी मातीचे घडे, अँफोरा. बुडाला टोक, म्हणजे आपला रांजण जसा घडवंचीशिवाय उभा राहत नाही तसंच. रोमन अँफोऱ्यात २५ लिटरच्या जवळपास वाईन अन् घडाही तेवढ्याच किलोचा, म्हणजे जहाजातला अर्धा भार नुसता मातीचा. असे घडे भडोचच्या बंदरात उतरायचे, पेरिप्लस या खलाशी-व्यापाऱ्यांसाठीच्या जुन्या ग्रीक माहितीपुस्तकात इटलीच्या वाईनला तिथे जास्त मागणी असल्याचं लिहिलंय, आणि त्याच पानांत आपलं पैठण अन् तेर पण आहे. लाकडी पिंप आलं तसं एक माणूस ते आडवं करून गडगडत नेऊ लागला, घडा मागे पडला.

जहाजाचं म्हणाल तर ग्रॉस टनेज आजही वजन नाहीच, आतली जागा किती त्यावरून तो आकडा काढतात. पिंपाची खूण अजून तिथे शिल्लक आहे.

ताई, आता तुमचा शब्द. ठोक हा सौद्याचा शब्द आहे, ठोक विरुद्ध चिल्लर, बाटल्यांच्या हजार पेट्या घेतल्या तरी ते ठोकच. तुमची वाईन तशी नाही, ती २० फुटी कंटेनरमध्ये फ्लेक्सीटँक म्हणजे एकच मोठी पिशवी पसरून त्यात २४,००० लिटर भरून जाते, त्याच कंटेनरमध्ये बाटल्या रचल्या तर निम्मीही बसत नाही. किराण्यात आपण पाकिटाचं तेल अन् सुटं तेल म्हणतो ना, तसं सुटी वाईन लिहा, आमच्या गावात कोणीही समजेल.