वॅगनरला पहिला नंबर देताना लॉइडचं काय करायचं?

स्कोअरवही:
गेल्या आठवड्यात इथे सगळ्यांनी आपापला सर्वकालीन बेसबॉल संघ मांडला. शॉर्टस्टॉपच्या जागी जवळपास प्रत्येकाने होनस वॅगनर लिहिला आणि कुणी त्यावर दोन ओळीही खर्च केल्या नाहीत. माझा आक्षेप त्यालाच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव घेताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जमिनीलगतचे जोरकस फटके त्याच्याकडेच येतात. त्यामुळे पक्क्या हातांचा, लांबून फेक करू शकणारा गडी तिथे लागतो. अशा जागेवरचा माणूस फलंदाजीतही सगळ्यांच्या पुढे असणं दुर्मीळ. पिट्सबर्गचा वॅगनर तसा होता, हे मला मान्यच आहे.

पण त्याच काळात जॉन हेन्री लॉइड खेळत होता. १८८४ साली फ्लोरिडातल्या पॅलाट्का गावी जन्मलेला, वॅगनरहून दहा वर्षांनी लहान. तोही शॉर्टस्टॉप, तोही मोठ्या हातांचा. चेंडूबरोबर मूठभर माती उचलायचा म्हणून क्यूबात त्याला 'कुचारा', म्हणजे मोठा चमचा, म्हणत. तो कृष्णवर्णीय होता, एवढ्याच कारणाने त्याला मोठ्या लीगमध्ये, म्हणजे गोऱ्यांच्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेत, एकही सामना खेळता आला नाही. १८८० च्या दशकात मालकांनी आपसात जो अलिखित दरवाजा लावून घेतला तो १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू आल्यावर उघडला. लॉइड तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षात होता.

म्हणून माझं म्हणणं: 'त्या काळातला सर्वश्रेष्ठ शॉर्टस्टॉप' असं वॅगनरबद्दल बिनशर्त म्हणता येणार नाही. ज्यांना खेळू दिलं त्यांच्यातला सर्वश्रेष्ठ, एवढंच म्हणता येईल.

नदीकाठ:
असहमत. अन्याय झाला, प्रचंड झाला. पण अन्यायाची भरपाई म्हणून क्रमवारी बदलायची नसते.

वॅगनरचं १९०८ साल बघा. त्या वर्षी नॅशनल लीगची (वॅगनर खेळायचा ती मोठी लीग) एकूण बॅटिंग सरासरी, म्हणजे दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, होती ०.२३९. चेंडू मऊ, काळाकुट्ट, एकच चेंडू फाटेपर्यंत वापरायचा, त्यावर पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) थुंकी लावायची मुभा. अशा वर्षी ह्या माणसाने ०.३५४ काढली, ५३ बेस चोरले (फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला), १० होमरन मारले. आणि त्या हंगामाआधी तो निवृत्तीची भाषा करत होता! शेवटी १०,००० डॉलरवर परतला.

आठ वेळा लीगचा अव्वल फलंदाज, शेवटचा किताब १९११ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलच्या मानवंदना दालनाची, पहिली निवड झाली तेव्हा त्याला २१५ मतं पडली, महान फलंदाज बेब रूथइतकीच. हे सगळं कागदावर आहे. लॉइडचं काय आहे?

स्कोअरवही:
कागद कुणाच्या हातात होता, हाच तर प्रश्न आहे.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने (मोठ्या लीग चालवणाऱ्या संस्थेने) निग्रो लीगना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगना, मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. सगळ्यांना वाटलं, हिशोब चुकता झाला. पण तो दर्जा १९२० ते १९४८ ह्या वर्षांनाच आहे, कारण पहिली संघटित निग्रो नॅशनल लीग १९२० मध्ये सुरू झाली. १९२० मध्ये लॉइड ३६ वर्षांचा होता. म्हणजे त्याची ऐन उमेदीची वर्षं, फिलाडेल्फिया जायंट्स, लेलँड जायंट्स, न्यूयॉर्कचे लिंकन जायंट्स, शिकागो अमेरिकन जायंट्स, सगळी हिशोबाच्या बाहेरच राहिली. वॅगनरच्या बाबतीत ३६ व्या वर्षाच्या आधीचं सगळं पुसून टाका आणि मग सांगा तो तुमच्या संघात येतो का. १९०८ सुद्धा उरत नाही.

चिंचोका:
हे मला माहीत नव्हतं. २०२४ ची बातमी वाचून मी खरंच समजत होते की आता सगळं आत आलं.

नदीकाठ:
मुद्दा जोरदार आहे, नाकारत नाही. तरी नोंद नाही म्हणून उत्तम होता असं गृहीत धरायचं का? लॉइड जिथे पैसे जास्त तिथे जायचा, संघ दर दोन वर्षांनी बदलायचा. सामने कधी तगड्या संघाशी, कधी गावातल्या हौशी पोरांशी. ह्यावरून तुलना कशी करायची?

डावखुरा:
करता येते, कारण दोन्हीकडचे खेळाडू समोरासमोर आले होते. १९१० च्या हिवाळ्यात मोठ्या लीगमधला डेट्रॉइट टायगर्स संघ क्यूबात हवानाला गेला, आपला नामांकित फलंदाज टाय कॉब ह्याच्यासकट. लॉइड तिथे हबाना संघातून खेळत होता. त्या सामन्यांत लॉइडची सरासरी ०.५०० सांगितली जाते, कॉबपेक्षा पुष्कळ वर. कॉबला तर बेस चोरताना यष्टीरक्षकाच्या जागेवरच्या ब्रूस पेटवेने बाद केलं.

आणि 'संघ बदलायचा' हा दोष कसा? वॅगनरला पगारासाठी एका मालकाशी भांडायची सोय होती. लॉइडच्या संघांना पुढचा हंगाम निघेल की नाही याचीच खात्री नसे.

नदीकाठ:
संघ बदलण्याबद्दलचे शब्द मागे घेतो. पण हवानातल्या वीस-बावीस खेळ्यांवर निकाल लावायचा असेल तर मग वॅगनरला १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजवरूनही (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेवरूनही) नापास करा. बोस्टनविरुद्ध सरासरी ०.२२२, क्षेत्ररक्षणात सहा चुका, आणि पिट्सबर्ग हरलं. सहा वर्षांनी त्याच माणसाने कॉबच्या डेट्रॉइटविरुद्ध ०.३३३ काढून सहा बेस चोरले आणि सिरीज जिंकून दिली. थोड्या सामन्यांत काहीही होतं.

पेन्सिलवाला:
मी पिट्सबर्गजवळ राहतो. पीएनसी पार्क ह्या बेसबॉल मैदानाबाहेर वॅगनरचा पुतळा आहे, १९५५ मधला, तो हयात असतानाच उभारलेला. जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला; इथल्या जुन्या माणसांना तो घरचा वाटतो आणि मलाही. त्यामुळे त्याच्या बाजूने वाईट वाटतं, कारण दरवाजा त्याने लावला नव्हता. लॉइडला 'काळा वॅगनर' म्हणत. ती तुलना आपल्यासाठी मानाची आहे असं वॅगनर म्हणाल्याचं सांगतात.

चिंचोका:
त्या टोपणनावाचाच मला त्रास होतो. लॉइड मोठा, पण मापाची पट्टी वॅगनर. वॅगनरला कुणी 'गोरा लॉइड' म्हटलं का? अटलांटिक सिटीत लॉइडच्या नावाचं मैदान १९४९ मध्ये झालं, ते तो तिथल्या पोरांचा लाडका होता म्हणून. हॉल ऑफ फेमला मात्र १९७७ उजाडलं. तेव्हा तो जिवंत नव्हता.

नदीकाठ:
बरं. माझा संघ दुरुस्त करतो: शॉर्टस्टॉप वॅगनर, दुसऱ्या बेसवर लॉइड. दुसऱ्या बेसवर तो खेळलाही आहे. दोघे शेजारी शेजारी.

स्कोअरवही:
दुसऱ्या बेसवर तो स्थिरावला चाळिशीला आल्यावर, पाय मंदावले तेव्हा. उमेदीतल्या लॉइडला तिथे का पाठवता? वॅगनर १९०३ पर्यंत आउटफिल्ड (बेसच्या पलीकडचं मैदान), पहिला बेस, तिसरा बेस, सगळीकडे खेळत होता आणि कुठेही उभा केला तरी भारीच होता. त्याला उजव्या आउटफिल्डला हलवा. शॉर्टस्टॉप लॉइड.